वारस धाकटाच लागतो

माझा दादा कवळ्या करतो. लोकांना वाटतं, कवळी दातांचा डॉक्टर करतो. डॉक्टर फक्त तोंडात मऊ लगदा दाबून माप घेतो आणि ते माप डब्यात घालून आमच्याकडे पाठवतो. पुढचं सगळं आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत होतं. मापात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढायचा, साच्यावर मेणाची हिरडी चढवायची, मेणात एकेक दात बसवायचा, जबड्यासारख्या उघडमिट होणाऱ्या पितळेच्या खटक्यावर वरचा-खालचा जबडा मिटून बघायचा, मग मेण वितळवून त्या जागी पक्की गुलाबी हिरडी घडवायची आणि शेवटी फिरत्या चाकावर पॉलिश. चाळीस वर्षं दादा हेच करत आलाय. गावातले निम्मे म्हातारे त्याच्या दातांनी जेवतात आणि रस्त्यात भेटले तर त्याला ओळखत नाहीत. मला याचा राग येतो. दादाला येत नाही. तो समोरून येणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, छान बसलीय असं पुटपुटतो आणि पुढे जातो.

राग मला पुष्कळ गोष्टींचा येतो, हे आधीच सांगून टाकते. मी पोहण्याच्या तलावावर तिकिटाच्या खिडकीत बसते. दिवसभर माणसं मला विचारतात, पाणी गार आहे का. जशी काही मी पाण्यातच बसलेली असते. अशा नोकरीत स्वभाव सुधारत नाही. वहिनी गेली तेव्हा दादाची मुलगी नऊ वर्षांची होती, आणि मी वरच्या मजल्यावर राहायला आले ती तेव्हापासून. दादाचं बोलणं मुळातच मोजकं. वहिनीनंतर तेही आटलं. घरात आवाज काय तो माझा आणि पोरीचा.

पोरीला आम्ही खारू म्हणायचो. दुधाचे दात पडून नवे आले तेव्हा पुढचे दोन असे काही ऐसपैस आले की दादाने तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव चिकटलं. त्या दातांवर दादाचा भारी जीव. सातव्या वर्षी तिने स्वतःहून तोंड उघडलं आणि म्हणाली, माझंपण माप घे. दादाने घेतलं. मग दर चार-पाच वर्षांनी तोच खेळ. कामाच्या टेबलावरच्या फळीवर तिचे पाच साचे ओळीने मांडलेले असत, मागे पेन्सिलीने तारीख. पहिल्यात पुढची जागा रिकामी, दुसऱ्यात ते दोन दांडगे दात, आणि शेवटचा चोविसाव्या वर्षीचा, सगळे बत्तीस जागच्या जागी.

ती म्हणायची, "म्हातारपणी माझे दात पडले की यावरून कवळी कर." मग बोटांवर हिशेब करून स्वतःच म्हणायची, की तेव्हा तू शंभरीच्या पुढे असशील, तुझे हात कापत असतील, म्हणजे माझी कवळी वाकडी होणार. दादा म्हणायचा, आधी दात घास.

दादाकडे एक रंगपट्टी आहे. तिच्यावर सोळा दात टांगलेले, प्रत्येकाची छटा वेगळी, पांढऱ्यापासून पार चहाच्या डागाच्या रंगापर्यंत. गिऱ्हाइकं नेहमी पहिलाच दात मागतात, अगदी पांढराफेक. दादा एरवी कुणाशी वाद घालत नाही, पण इथे घालतो. म्हणतो, सत्तरीच्या तोंडात विशीचे दात बसवले तर माणूस हसला की परका दिसतो. डॉक्टर वैतागतात. खारू त्याची नक्कल करायची, खालचा ओठ पुढे काढून.

शिक्षण संपलं आणि तिला दुसऱ्या शहरात नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी लागली. फोनवर दादा काय बोलणार? 'हं', 'बरं', 'आत्याला देतो'. पोरगी कंटाळली. पुढच्या सुटीत आली तेव्हा तिने घरच्या कॉम्प्युटरवर एक गेम घालून दिला. म्हणाली, बोलू नकोस, नुसता खेळ माझ्याबरोबर. रोज संध्याकाळी सातला.

आता हा गेम काय ते सांगायला हवं, कारण मलाही तो कळायला वेळ लागला. त्यात एक गाव आहे. गावातलं प्रत्येक माणूस कुठेतरी कॉम्प्युटरसमोर बसलेल्या खऱ्या माणसाचं. आपला एक आठवडा म्हणजे तिथलं एक वर्ष. तिथली माणसं मोठी होतात, म्हातारी होतात आणि वय झालं की मरतात. मेल्यावर घर, विहीर, हत्यारं आणि हातातली निम्मी कला वारसाला मिळते. वारस नसेल तर घराचा लिलाव होतो आणि कोण कुठली माणसं येऊन भांडी उचलून नेतात. नवा खेळाडू तिथे पंधरा वर्षांचा म्हणून येतो आणि त्याला कुणीतरी दत्तक घेतलं तर त्या घरचा होतो. खारू बरेच दिवस खेळत होती. तिथे ती अठ्ठेचाळीस वर्षांची घरधनीण होती, दोन खोल्यांचं दगडी घर, मागे विहीर, दारात बाक, बारा कोंबड्या. दादा पंधरा वर्षांचा. नोकरीच्या गावी परत गेल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिने तिथून त्याला दत्तक घेतला; गेममध्ये एकमेकांचा आवाजही ऐकू यायचा.

मी हातात आमटीचा डाव घेऊन मागे उभी होते. म्हटलं, हा काय चावटपणा, बापाला मुलगा केलास होय गं? ती कॉम्प्युटरमधूनच हसली. "आत्या, तिथे वारस धाकटाच लागतो. आईबापांना मुलांचा वारसा मिळत नाही. मग माझं घर याला मिळणार कसं?"

मला ते पटलं. तेवढ्यापुरतं पटलं आणि विसरलेही.

मग सुरू झाली ती गंमत. बासष्ट वर्षांचा माझा दादा दोन बोटांनी एकेक अक्षर शोधून लिहायचा, आई, भूक लागली. ती लिहायची, बाळा, आधी कोंबड्यांना दाणे घाल. हा कोंबड्यांना विसरायचा. विहिरीत पडायचा. एका आठवड्यात तीनदा पडला. ती त्याला काढायची आणि रागवायची, विहिरीजवळ धावू नकोस म्हणून किती वेळा सांगू? मी आठला ताटं वाढून बसायची. पाच मिनिटं म्हणजे यांचा अर्धा तास. मग तिचा आवाज यायचा, "बाबा, जेवून घे, आत्या थांबलीय." रोज हेच वाक्य, रोज याच शब्दांत, आणि त्यानंतरच दादा उठायचा. ज्या माणसाने वहिनी गेल्यावर मुलीशी धड चार वाक्यं सलग बोलली नव्हती, तो आता रोज तासभर तिच्याशी बोलत होता. तेही मुलगा होऊन. मला कधीकधी हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

एकदा तिने तिथल्या कचेरीत जाऊन मृत्युपत्र केलं. घर दादाच्या नावावर. मृत्युपत्राबरोबर एक पत्र ठेवता येतं, मोहोर लावून. ते वारसाच्या हातात किल्ली पडली की उघडतं, त्याआधी कुणालाही नाही. दादाने विचारलं, काय लिहिलंयस? ती म्हणाली, मी मेल्यावर वाच. आम्ही तिघंही हसलो. आज ते हसणं आठवलं की अंगावर काटा येतो, पण हसलो खरे.

त्यानंतर महिना-दीड महिन्यातच तिला ताप आला. साधा वाटला. तिच्या मैत्रिणीचा फोन आला तोवर तिला हॉस्पिटलमध्ये हलवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा तिने आम्हाला ओळखलं, दादाकडे बघून दात दाखवले. त्या रात्रीनंतर ती शुद्धीवर आली नाही. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बाजूच्या खोलीत बसवून विचारलं की यंत्रं चालू ठेवायची का; त्यांच्या मते आता उपयोग नव्हता, पण बापाचा शब्द हवा होता. दादा भिंतीकडे बघत राहिला. डॉक्टर थांबले, पुन्हा विचारलं. दादाच्या तोंडून शब्द निघेना. शेवटी मीच सांगितलं, बंद करा. सव्वीस वर्षांची होती.

त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. परत आलो, तिचं सामान आलं. तिचा लॅपटॉपही आला, पण त्याचा पासवर्ड तिच्याबरोबरच गेला होता. दादा कामाला बसला. सातला खोलीचं दार लावून घ्यायचा. मला वाटलं, बसू दे, रडत असेल. मीही वर तेच करत होते.

पुढचे तीन-चार महिने मी आठला ताट खाली नेऊन ठेवायची आणि काही विचारायची नाही. मग एका सकाळी एका डॉक्टरांचा फोन आला. दादाने दोन म्हाताऱ्यांच्या खालच्या कवळ्या अदलाबदल करून पाठवल्या होत्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बिचारे दोघंही दुसऱ्याचे दात तोंडात घालून, दुखतंय दुखतंय करत चार दिवस जेवले होते. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी तलावावरून आले ती तडक खाली गेले आणि दार ढकललं.

कॉम्प्युटरवर ते दगडी घर होतं. आत खाटेवर पांढऱ्या केसांची एक म्हातारी झोपलेली, आणि खाटेशेजारी एक माणूस उभा, तोही चांगला पिकलेला. मी विचारलं, हे कोण?

दादाने सगळं सांगितलं. इतकं सलग बोललेलं मी त्याला आयुष्यात ऐकलं नव्हतं. खेळणारं माणूस आलं नाही म्हणून तिथलं माणूस नाहीसं होत नाही. ते झोपून राहतं. खारूने शेवटचं बंद केलं तेव्हा ती दारातल्या बाकावर बसली होती, तिथेच ती बसल्या बसल्या झोपलेली दादाला सापडली. पण तिचं वय वाढत होतं. सत्तर झाली तशी तिने अंथरूण धरलं. सत्तरीनंतर माणूस कुठल्याही आठवड्याला जातं. फक्त एक उपाय असतो. घरातलं मूल दर रविवारी आपल्या आयुष्यातलं एक वर्ष आईला किंवा आजीला घोटभर पाजू शकतं. मग त्या आठवड्यात तिचं वय वाढत नाही आणि ती मरत नाही. देणाऱ्याचं मात्र त्या आठवड्यात दोन वर्षांनी वाढतं, एक स्वतःचं आणि एक तिचं. दादाने पहिल्या रविवारी घोट दिला तेव्हा तो तिथे सदतीस वर्षांचा होता. आता त्याची साठी उलटली होती. ती सत्तरीवरच थांबलेली.

"ती नुसती झोपलीय, धाकटे," तो म्हणाला. "मी एक रविवार चुकवला तर जाईल."

"गेलीय ती, दादा," मी म्हटलं. "कधीच गेलीय."

त्याने खुर्ची वळवली आणि पाठ केली. मी वर येऊन उशीत तोंड खुपसून रडले, आणि स्वतःवर चिडले, आणि तासाभराने चहा घेऊन पुन्हा खाली गेले. चहा पिताना त्याने दुसरी गोष्ट सांगितली. ते पत्र. घर दादाचं झाल्याशिवाय ते उघडणार नव्हतं, आणि ती असेपर्यंत घर तिचंच. तिच्या हातची आम्ही न वाचलेली तेवढीच चार अक्षरं जगात उरली होती, आणि ती वाचायची तर तिला जाऊ द्यायला हवं होतं. दादा म्हणाला, दर रविवारी वाटतं, आज नको. पुढच्या रविवारी बघू.

त्यानंतर मी रोज सातला त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायला लागले. काम झाल्यावर तो हात धुवायचा, पण नखांत प्लास्टर राहायचंच. कॉम्प्युटरच्या बटणांवर पांढरी पूड असायची. तो तिच्या कोंबड्यांना दाणे घालायचा. आता विसरत नव्हता. विहिरीवरून पाणी आणायचा, हळू, काठी टेकत. तिच्या खाटेजवळ येऊन उभा राहायचा. बस्स, एवढाच खेळ.

ज्या रविवारी तो तिथे सत्तर वर्षांचा झाला, त्या रविवारी कसाबसा घोट दिला आणि त्यानेही अंथरूण धरलं. त्या घोटाने त्याचं आणखी एक वर्ष गेलं. दुसरी खाट पहिलीच्या शेजारी. अंथरूण धरलेलं माणूस दुसऱ्याला घोट पाजू शकत नाही. दादाने मला विचारलं, तू येशील का तिथे? मी दोन दिवस नाही म्हटलं. सत्तावन्न वर्षांच्या बाईला हे शोभतं का, वगैरे. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर तो गेम घेतला आणि पंधरा वर्षांची होऊन त्या गावात उतरले. दादाने खाटेवरूनच मला दत्तक घेतलं. म्हणजे मी माझ्या भावाची मुलगी आणि माझ्या भाचीची नात. पहिल्याच दिवशी पाणी आणायला गेले आणि धाडकन विहिरीत पडले. मी मोबाइलवर ओरडत होते, दिसेल ते बटण दाबत होते, आणि शेजारी दादा हसला. पाच महिन्यांनी हसला. मग पटकन तोंडावर हात ठेवला, जसा काही चोरी करताना सापडला.

रविवार उजाडला. तिथलं वर्ष आपल्याकडे रविवारी संध्याकाळी पाचला बदलतं. त्याआधी घोट द्यायला हवा. साडेचारला मी तिच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिले. खोलीत दोन म्हातारी माणसं झोपलेली आणि मध्ये पंधरा वर्षांची मी. घोट द्यायचं बटण समोर आलं होतं. मनात हिशेब केला होता. माझ्याकडे पंचावन्न वर्षं होती. म्हणजे अजून सहा महिने तरी तिला सहज ठेवता आलं असतं.

"देऊ का?" मी विचारलं.

पावणेपाच झाले. मी पुन्हा विचारलं. बंद पडलेल्या पॉलिशच्या चाकासारखा तो बसला होता. मला हॉस्पिटलातली ती खोली आठवली, ती भिंत, आणि तो डॉक्टर. या खेपेला मी बोलणार नव्हते. मनाशी ठरवलं की पाच वाजले तरी चालतील, बटण माझ्या बोटाखाली राहिलं तरी चालेल, पण बोलणार नाही.

"तिकडे तूच बोललीस," दादा म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "मला जमलं नाही. तुझ्या माथी मारलं मी ते. नको देऊस घोट. जाऊ दे तिला."

मी मोबाइल मांडीवर ठेवला आणि त्याचा हात धरला. दोघंही घड्याळाकडे बघत बसलो. पाचला त्या गावात घंटा झाली, हलकीशी, आणि खाट रिकामी दिसायला लागली. एवढंच. पांघरूण घडी घालून पायथ्याशी ठेवलेलं होतं. दादा रडला नाही. तो पुढे वाकून वाट बघत होता, किल्लीची.

किल्ली आली नाही. तिथल्या कचेरीचा कागद आला. त्यावर दादाचं तिथलं नाव होतं आणि नावावर आडवी रेघ. खाली कारण लिहिलं होतं: वारस मृत व्यक्तीपेक्षा वयाने मोठा आहे.

दादाने ते मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचलं. ती सत्तर. हा एक्काहत्तर.

मी आधी त्या कागदावर भडकले. हा काय नियम, कुणी केला, मी लिहिते त्यांना, असं बरंच काही बोलले. आणि बोलता बोलता मला आठवलं, हातात डाव घेऊन मी इथेच उभी होते आणि ती हसत सांगत होती. आम्ही दोघांनीही ऐकलं होतं. केसाइतका फरक दातात राहिला तर बोटाला कळणारा माझा भाऊ, त्याला हे कळू नये? पण तो दर रविवारी तिचंच वय बघत होता. स्वतःचं त्याने मोजलंच नव्हतं. तिला ठेवता ठेवता तो तिच्यापेक्षा मोठा होऊन बसला होता.

"मी मोठा आहे," दादा म्हणाला, जसं आत्ताच कुणी त्याला सांगितलं.

"मोठा आहेसच," मी म्हटलं. "बाप आहेस तू तिचा."

मग तो रडला. टेबलावर डोकं ठेवून, प्लास्टरच्या पुडीत, मोठ्याने. हॉस्पिटलात नाही, घरी आल्यावर नाही, आत्ता. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मला वाटत होतं, संपलं. घर लिलावात, पत्र गेलं. मी एक शब्द बोलले नाही म्हणून आणि तो बोलला म्हणून. देव कुणाला असलं बघायला लावू नये.

माझा मोबाइल मांडीवर वाजला. मी लक्ष दिलं नाही. पुन्हा वाजला. चष्मा लावून बघितलं तर त्या पंधरा वर्षांच्या पोरीच्या हातात एक लोखंडी किल्ली होती. पहिला वारस बाद झाला की घरातल्या सगळ्यात धाकट्याला मिळतं म्हणे. घर, विहीर, बाक, कोंबड्या. आणि मोहोर लावलेलं पत्र.

मी मोबाइल दादापुढे धरला. म्हटलं, तुझं आहे हे, तुलाच लिहिलंय, तू उघड. त्याने चेहरा पुसला, तर कपाळावर पांढरं फासलं गेलं. "तुझ्या नावावर आलंय," तो म्हणाला. "तू वाच. मी ऐकतो." आणि त्याने डोळे मिटले.

मी वाचलं.

"बाळा, हे वाचतोयस म्हणजे मी गेले. रडू नकोस. मी चांगली म्हातारी होऊन, केस पिकून, आपल्या खाटेवर गेले असणार, आणखी काय पाहिजे माणसाला? घर तुझं. कोंबड्यांना दाणे घाल, तू विसरतोस. विहिरीजवळ धावू नकोस. माझ्या कवळीचं तेवढं राहिलं. तिकडे खऱ्या आयुष्यात म्हातारी होईन तेव्हा तू नसशील, म्हणून वेळ मिळेल तेव्हा करून ठेव, पण पांढरीफेक नको, म्हातारीला शोभेल अशी कर. तूच म्हणतोस ना. आणि बाबा, जेवून घे, आत्या थांबली असेल."

शेवटचं वाक्य मला धड वाचता आलं नाही. अर्ध्यात थांबले. दादाला ते कळलं असावं, कारण उरलेलं त्यानेच म्हटलं, डोळे न उघडता, तिच्याच शब्दांत.

साडेपाचला कुणी जेवत नाही. पण मी वर गेले, होतं ते गरम केलं, दोन ताटं वाढली. दादा हाक न मारता वर आला आणि जेवला.

दुसऱ्या दिवशी तलावावरून परत आले तर खालचं दार उघडं होतं. फळीवर चारच साचे होते. पाचवा, चोविसाव्या वर्षीचा, टेबलावर होता, आणि त्याच्या शेजारी त्याच्यावरून ओतलेला नवा साचा. या नव्यात दात नव्हते. दादाने सगळे उतरवून टाकले होते आणि हिरडी खाली बसवली होती, सत्तरीला बसते तेवढी. ओल्या प्लास्टरवर हात फिरवून तो ती गुळगुळीत करत होता. कोंबड्यांना दाणे घातलेस का, असं त्याने मला न बघताच विचारलं. मी घातले होते, जेवणाच्या सुटीत, खिडकीमागे बसून. तसं सांगितलं.

त्याने रंगपट्टी माझ्या हातात दिली. "उजेडात बघून सांग, धाकटे. कुठला शोभेल?"

मी पट्टी खिडकीपाशी नेली. एकेक दात बोटाने बाजूला करत गेले, पांढरे, मग दुधी, मग पिवळसर. सत्तर वर्षांची खारू डोळ्यांपुढे आणायला बराच वेळ लागला. अकरावा दात धरून दाखवला. दादाने तो माझ्या हातून घेतला, साच्याजवळ नेला, मान तिरकी करून पाहिला.

"पुढचे दोन जरा मोठे ठेवतो," तो म्हणाला.